‘अर्थ काय?’ नंतर, आधी ‘केलं कसं?’

चित्रांच्या दालनात शिरलं की भल्याभल्यांची चाल बदलते. आवाज खाली येतो, हात पाठीमागे बांधले जातात आणि चेहऱ्यावर तोंडी परीक्षेला बसल्याचा भाव येतो. चित्रासमोर थांबायचं, शेजारची पाटी वाचायची, मान हलवायची, पुढे सरकायचं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात लोक एका कलाकृतीसमोर किती वेळ थांबतात, हे दोन अभ्यासकांनी मोजलं होतं. २००१ साली त्यांचे आकडे प्रसिद्ध झाले. सरासरी २७ सेकंद, आणि त्यातल्या निम्म्या वेळा १७ सेकंद किंवा त्याहूनही कमी.

यात बघणाऱ्यांचा फारसा दोष आहे असं मला वाटत नाही. शाळेपासून आपल्याला एकच प्रश्न पढवलेला असतो: ‘यातून काय सांगायचं आहे?’ तो खरा कवितेखालचा प्रश्न, पण आपण चित्रालाही तोच लावतो. उत्तर सुचलं नाही की ‘आपल्याला नाही बाई यातलं कळत’ म्हणून सुटका करून घेतो. मीही बरीच वर्षं अशीच सुटत आले. मग एक साधा बदल केला. अर्थाचा प्रश्न जरा थांबवून ठेवला आणि आधी विचारायला लागले, हे केलं कसं असेल? आधी काय, नंतर काय? हात कुठे थांबला? कुठे घाई झाली? काय मुद्दाम सोडून दिलं? या प्रश्नाला कलेचा इतिहास पाठ असावा लागत नाही. शिवाय तो चित्राला चालतो तसा शालीला आणि मातीच्या वाडग्यालाही चालतो.

नसलेला मोती

सुरुवातीला योहानेस व्हर्मीर या डच चित्रकाराचं ‘मोत्याचा डूल घातलेली मुलगी’ घेऊ. साधारण १६६५ सालचं हे चित्र आज नेदरलँड्समधल्या हेग शहरात, मॉरित्सहाउस संग्रहालयात आहे. इतक्या ठिकाणी छापलं गेलंय की ते भलं मोठं असेल असं वाटतं. प्रत्यक्षात ४४.५ बाय ३९ सेंटिमीटर, म्हणजे खरा चेहरा समोर यावा एवढंच.

आता फक्त डुलाकडे बघा. शक्यतो मोठा करून. वरच्या बाजूला पांढऱ्या रंगाचा एक जाडसर ठिपका आहे. खाली एक पुसट, करडा फटकारा आहे, तो तिच्या पांढऱ्या कॉलरचा उजेड. संपलं. मोत्याला बाह्यरेषा नाही, आणि तो कानाला अडकवणारी आकडीही नाही. २०१८ साली संशोधकांनी हे चित्र फ्रेममधून काढून यंत्रांखाली घातलं, तेव्हाही आकडी सापडली नाही. म्हणजे व्हर्मीरने मोती रंगवलेलाच नाही. त्याने मानेवरच्या सावलीत उजेडाचे दोन ठिपके ठेवले, उरलेला मोती आपला डोळा घडवतो. मला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा फसवलं गेल्याचा आनंद झाला, जादूगाराची हातचलाखी पकडल्यावर होतो तसा. आणि हातचलाखी कळल्यावरही मोती दिसायचा काही थांबत नाही!

त्याच तपासणीत आणखी एक गोष्ट पुढे आली. मुलीच्या मागचा तो प्रसिद्ध काळा अंधार मुळात अंधार नव्हताच. तिथे हिरवट पडदा होता. नीळ आणि एक पिवळा वनस्पतिज रंग यांचा पातळ थर देऊन तो साधला होता. तीन-साडेतीनशे वर्षांत ते रंग उडाले, बिघडले आणि मागे काळोख उरला. डोक्यावरच्या फडक्याचा निळा मात्र टिकला, कारण तो अफगाणिस्तानातून येणारा राजावर्त हा दगड कुटून केलेला होता. त्या काळातला हा फार महागडा रंग, आणि व्हर्मीर तो सढळ हाताने वापरायचा. मेला तेव्हा कर्जात होता.

ही मुलगी कोण, हा प्रश्न लोक हमखास विचारतात. हे कुणा ठरावीक व्यक्तीचं चित्र म्हणून काढलेलंच नाही. तिथे तेव्हा अशा चेहऱ्यांना ‘ट्रोनी’ म्हणत; एक भाव, एक वेश, एक चेहरा, बस. १८८१ साली हे चित्र लिलावात दोन गिल्डर आणि ३० सेंटला गेलं होतं, म्हणजे जवळजवळ फुकटच.

एक लाट, चार हात

होकुसाई या जपानी चित्रकाराची लाट आता मोबाइलच्या कव्हरपासून टी-शर्टपर्यंत सगळीकडे आहे. म्हणूनच ती बघणं अवघड झालंय. चित्राचं नाव साधारण ‘कानागावाच्या समुद्रातली मोठी लाट’ असं, साल १८३१च्या आसपास, आकार सुमारे २५ बाय ३७ सेंटिमीटर. फुजी पर्वताच्या ‘छत्तीस’ दृश्यांच्या मालिकेतलं हे एक. मालिका इतकी खपली की पुढे आणखी दहा जोडली आणि छत्तीसची शेहेचाळीस झाली. नाव तेच ठेवलं.

याचं मूळ चित्र कुठे आहे? कुठेच नाही, कारण हे लाकडी ठशांवरून छापलेलं चित्र. होकुसाईने पातळ कागदावर शाईने रेखाटन केलं. कोरणाऱ्याने तो कागद चेरीच्या लाकडाच्या फळीवर पालथा चिकटवला आणि रेषा तेवढ्या शिल्लक ठेवत आजूबाजूचं लाकूड, कागदासकट, खोदून काढलं. ठसा तयार होता होता चित्र संपतं. त्या लाटेच्या टोकाला नखांसारखा फेस आहे ना, त्याची एकेक रेषा म्हणजे कुणीतरी दोन्ही अंगांनी लाकूड उतरवून मधे उभी ठेवलेली केसाएवढी भिंत आहे. पट्टीचा कोरणारा लागतो त्याला.

पुढे प्रत्येक रंगासाठी वेगळा ठसा. छापणाऱ्याच्या हाताशी यंत्र नाही. ठशावर ब्रशने रंग लावायचा, वर तुतीच्या सालीपासून केलेला ओलसर कागद ठेवायचा आणि पाठीवरून बांबूच्या सालपटात गुंडाळलेल्या चपट्या चकतीने घासायचं. मग पुढचा ठसा. रंग एकमेकांवर अचूक बसावेत म्हणून दर ठशाला कागद टेकवायच्या खाचा कोरलेल्या असतात. आकाशात क्षितिजाजवळचा करडा रंग वर जाताना जो हळूहळू विरळ होत जातो, तो ठशात कोरलेला नसतोच. छापणारा रंग लावून तो पुसत नेतो, आणि हे दर प्रतीला नव्याने करतो. म्हणून दोन प्रतींची आकाशं हुबेहूब सारखी नसतात. अशा हजारो प्रती निघाल्या असाव्यात. छपाई जास्त झाली की ठसा झिजतो, बारीक रेषा तुटतात. डावीकडे वर मजकुराची चौकट आहे, तिची रेषा अखंड आहे की खंडित, यावरून प्रत आधीची की नंतरची हे जाणकार ओळखतात.

म्हणजे हे एका माणसाचं काम नव्हे. काढणारा, कोरणारा, छापणारा आणि पैसा घालून माल बाजारात आणणारा प्रकाशक, असे चार हात. मधल्या दोघांची नावं बहुतेक वेळा कुणी लिहून ठेवली नाहीत. होकुसाई स्वतः पोरवयात ठसे कोरणाऱ्याकडे उमेदवारी करून आलेला होता, त्यामुळे लाकडात काय उतरेल आणि काय फुटेल हे त्याला आतून ठाऊक होतं. कोरणाऱ्यांनी आपल्या माणसांची नाकं-डोळे परस्पर बदलू नयेत, अशी पत्रंही तो प्रकाशकांना लिहायचा. कुठल्याही कामाच्या जागी ऐकू येणारी ही तक्रार आहे.

आणि तो निळा! तो परदेशी माल. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये अपघाताने सापडलेला कृत्रिम रंग, ‘प्रशियन ब्लू’. वनस्पतीच्या निळ्या रंगांपेक्षा तो गडद, आणि उजेडात लवकर न उडणारा. जपानमध्ये तो स्वस्तात मिळू लागला आणि या मालिकेने त्याचा दणकून वापर केला. सगळं जग ज्या चित्राला ‘अस्सल जपानी’ म्हणतं, त्याचा जीवच जर्मन रंगात आहे. दूरच्या वस्तू लहान दाखवण्याची युक्तीही युरोपातल्या चित्रांवरून उचललेली. तिच्यामुळेच देशातला सगळ्यांत उंच पर्वत इथे लाटेच्या खोबणीत बोटभर होऊन बसलाय. समोरच्या लहान लाटेचा आकार बघा. तोही फुजीसारखाच आहे, वर बर्फासारखा फेससुद्धा.

आता होड्या. तीन आहेत, बऱ्याच जणांना त्या दुसऱ्या-तिसऱ्यांदा बघताना दिसतात. ताजी मासळी वेगाने शहरात पोचवणाऱ्या या लांबट होड्या. वल्हवणारे वल्ह्यांवर अंग टाकून ओणवे झालेत. जपानी मजकूर परंपरेने उजवीकडून डावीकडे वाचतात, त्यामुळे तिथल्या वाचणाऱ्याची नजर होड्यांबरोबर सरकते आणि समोरून लाट अंगावर येते. आपण डावीकडून वाचतो, म्हणून आपण लाटेबरोबर होड्यांवर जाऊन आदळतो. एकदा चित्र आरशात बघा. धसका वाढतो.

निवडी मोजायच्या

कलाकाराचा दृष्टिकोन म्हटलं की आपण त्याचं तत्त्वज्ञान, त्याची मुलाखत, त्याचं दुःख शोधत बसतो. माझ्या मते दृष्टिकोन म्हणजे त्याने केलेल्या निवडी. त्या कामातच दिसतात. शब्द मदतीला येतात, नाही असं नाही. होकुसाईने पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर लिहून ठेवलंय की सत्तरीच्या आधी काढलेलं काही दखल घेण्याजोगं नाही, त्र्याहत्तराव्या वर्षी कुठे प्राण्यांची, झाडांची ठेवण जरा कळायला लागली, आणि एकशे दहाव्या वर्षी आपला एकेक ठिपका, एकेक रेघ जिवंत होईल. लाट काढली तेव्हा तो सत्तरीचा होता. म्हणजे त्याच्या हिशेबाने ती जेमतेम पासापुरती.

कधी कधी मात्र शब्दांवाचून पत्ताच लागत नाही. व्हॅन गॉगचं ‘शयनगृह’ आपल्याला निळ्या भिंतींचं माहीत आहे. १८८८ साली भावाला लिहिलेल्या पत्रात तो भिंती फिकट जांभळ्या असल्याचं सांगतो. पिवळ्या पलंगामागे जांभळी भिंत, एकमेकांना उठाव देणारी जोडी. चित्र बघून डोकं शांत व्हावं, असा त्याचा हेतू होता. मग निळं कुठून आलं? जांभळ्यासाठी त्याने निळ्यात मिसळलेला लाल उजेडाने उडाला. आपण ज्यावर त्याच्या मनःस्थितीचे अंदाज बांधत बसतो, त्यातला काही भाग निव्वळ रसायनाची करामत आहे. चित्रकाराच्या वेडावर बोलण्याआधी त्याच्या रंगांची चौकशी करावी, हे मी यातून शिकले.

पिकासोच्या ‘गेर्निका’ची गोष्ट उलट्या बाजूची. २६ एप्रिल १९३७ रोजी स्पेनमधल्या गेर्निका गावावर बॉम्ब पडले. पॅरिसमध्ये राहणाऱ्या पिकासोला ते कळलं वर्तमानपत्रांतून. पुढच्या पाचेक आठवड्यांत त्याने जवळपास साडेतीन मीटर उंच आणि पावणेआठ मीटर लांब कॅनव्हास भरला, तोही काळा, पांढरा आणि करडा एवढ्यावरच. आग आहे, पण तांबडा नाही. रक्त असणार, पण लाल नाही. छापील बातमीचा रंग. डोरा मार या छायाचित्रकार बाईने काम चालू असताना फोटो काढून ठेवल्यामुळे आपल्याला यातल्या निवडी पायरीपायरीने दिसतात. सुरुवातीला मधोमध आकाशाकडे उगारलेली एक मूठ होती. घोषणेच्या भिंतीपत्रकावर शोभली असती. पिकासोने ती काढून टाकली. ती काढल्यावर चित्रात प्रतिकार करणारं कुणी उरत नाही, उरतात फक्त सापडलेली माणसं आणि जनावरं. इथे ‘केलं कसं’ विचारता विचारता अर्थ आपण होऊन हाताला लागतो.

अमूर्त चित्रांसमोर तर हा प्रश्न फारच उपयोगी पडतो, कारण ‘हे काय आहे’ विचारायची तिथे सोयच नसते. चित्रकार वासुदेव गायतोंडे आपल्या कामाला अमूर्तसुद्धा म्हणू देत नसत, ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ म्हणत. त्यांच्या चित्रासमोर उभं राहिल्यावर डोंगर, समुद्र, ध्यान वगैरे शोधू नका. रंग ब्रशने लावलाय की रोलरने फिरवलाय, कुठे सुरीने खरवडून खालचा थर उघडा केलाय, कुठे कागदाचा ठसा उमटलाय, हे बघत राहा. पाच मिनिटांत एका सपाट पिवळ्यात चार-पाच पिवळे सुटे होतात. बिचारं ‘मला कळत नाही’ तोवर कुठल्या कुठे गेलेलं असतं.

प्रसिद्धीबद्दल एकच सांगते. मोनालिसा १९११ साली पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयातून चोरीला गेली, तेव्हा भिंतीवरची रिकामी जागा बघायला लोकांची रांग लागली होती. दोन वर्षांनी ती सापडली. चित्र तेच होतं, बघणारे बदलले होते. त्यामुळे प्रसिद्ध चित्र बघून काहीच वाटलं नाही, तर अपराधी वाटून घेऊ नका. गर्दीत, काचेआडून, दहा हात लांबून कुणालाही काय वाटणार?

कापड उलटून बघा

हातमागाच्या कामाला हीच नजर लावली की पहिली सवय लागते ती कापड उलटून बघायची. मागावर उभे ताणलेले धागे म्हणजे ताणा, त्यांच्यातून आडवा जाणारा बाणा. साध्या कापडात बाणा या काठापासून त्या काठापर्यंत धावतो. पैठणीच्या पदरात तसं नसतं. मोराच्या गळ्याचा निळा धागा गळ्यापुरताच जातो आणि वळतो, शेजारचा जरीचा धागा तिथून आपली वाट धरतो. दर रंगाला स्वतःची छोटी कांडी. दोन रंग जिथे भेटतात तिथे धागे एकमेकांत अडकवून माघारी फिरवायचे. एका ओळीत अशा कितीतरी कांड्या हाताने पुढेमागे करायच्या, ओळ ठोकून बसवायची, मग पुढची ओळ. त्यामुळे मागे मोकळे धागे लोंबत नाहीत आणि मोर दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो. काश्मीरची कानी शाल याच कुळातली. तिथे नक्षी चित्रात नव्हे, तर ‘तालीम’ नावाच्या सांकेतिक लिपीत लिहिलेली असते: किती ताणे, कुठला रंग. विणणारा ती वाचत, ऐकत विणतो, गवयाने सरगम म्हणावी तसा.

यावरून ‘मागे धागे दिसले की माल नकली’ असा एक ठोकताळा फिरत असतो. तो अर्धाच खरा आहे. पैठणीच्या नावाखाली पाठीवर सुटे धागे असतील तर शंका घ्यावी. पण बनारसी किनखापात नक्षीचा जादा धागा पाठीवर असणं हा त्या विणीचाच भाग आहे, हाताने केली तरी. पाटणच्या पटोळ्यात तर ताणा आणि बाणा दोन्ही विणण्याआधीच बांधून-बांधून रंगवलेले असतात आणि नक्षी मागावर धाग्याला धागा जुळला तरच उमटते. तिथे आकारांच्या कडा किंचित पिसासारख्या फुटतात. ती चूक नसते, तीच खूण. एका विणीची फूटपट्टी दुसरीला लावू नये.

हस्तकलेतल्या अपुरेपणाचं हल्ली जरा अतिच कौतुक होतं. फुटलेलं भांडं सोन्याने सांधणाऱ्या ‘किंत्सुगी’चं तर प्रेरणादायी व्याख्यानांनी पार लोणचं घातलंय. सोनं सांधत नाही हो! सांधतो तो उरुशी नावाच्या झाडाचा चीक, जो अंगाला लागला तर पुरळ उठतं आणि जो उन्हात वाळत नाही, तर दमट हवेत धरतो. म्हणून भांडं ओलसर पेटीत ठेवून दिवसच्या दिवस वाट बघायची, घासायचं, पुन्हा थर द्यायचा. सोन्याची पूड शेवटी, वरून. या कामाला आठवडे, कधी महिने लागतात. जखमांचं सोनं वगैरे नंतर.

१९२०च्या दशकात यानागी सोएत्सु या जपानी विचारवंताने ‘मिंगेई’ म्हणजे लोकांची कला हा विचार मांडला. निनावी कारागिरांनी रोजच्या वापरासाठी, पुन्हा पुन्हा केलेल्या वस्तूंत खरं सौंदर्य उतरतं, कारण तिथे हाताला मिरवायला सवड नसते, असं त्याचं म्हणणं. १९३६ साली त्याने टोकियोत अशा वस्तूंचं संग्रहालयही उभं केलं. विचार मला आवडतो, पण त्यात एक गोम आहे. कारागीर निनावी असतो तो नेहमी विनयामुळे नव्हे. बऱ्याचदा त्याचं नाव कुणी विचारलेलंच नसतं. लाट कोरणाऱ्याचंही कुठे विचारलं?

यानागीचा लाडका दाखला होता ‘किझाएमोन’ नावाचं वाडगं. सोळाव्या शतकात कोरियात कुणा कुंभाराने ते रोजच्या वापरासाठी चाकावर भराभर केलं, असं तो मानायचा. ते जपानच्या चहा-समारंभवाल्यांच्या नजरेत भरलं आणि आज ते जपानचा राष्ट्रीय ठेवा आहे. किझाएमोन हे नावसुद्धा घडवणाऱ्याचं नाही, एका मालकाचं. रंग लोकाटच्या फळासारखा पिवळट, अंगावर चाकाचे वळसे उमटलेले, कडा पुरती गोल नाही. पण जाणकार जीव टाकतात ते त्याच्या बुडावर. तिथे भट्टीत झिलई नीट वितळली नाही आणि गोळा होऊन तिचे पांढरट, खरबरीत मणी राहिले. चहा पिऊन झाला की पाहुण्याने वाडगं दोन्ही हातांत खाली, जमिनीजवळ धरायचं, हळूच पालथं करायचं आणि बूड बघायचं, अशी तिथली रीतच आहे.